फ्लेमिंगची उरलेली गोष्ट

दिवाळीआधी घर आवरायला काढले की आमच्याकडे एक डबा हमखास हाती लागतो. मूळचा बिस्किटांचा, पण गेली वीस-पंचवीस वर्षे त्यात औषधेच आहेत. डोकेदुखीच्या गोळ्या, पिळून पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब, क्रेप बँडेज आणि तळाशी कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. कुठे दोन कॅप्सूल उरलेल्या, कुठे तीन. कुणाच्या घशासाठी आणलेल्या, कुणाच्या दाढेसाठी. तिसऱ्या दिवशी बरे वाटले आणि उरलेल्या डब्यात गेल्या. टाकून कशा द्यायच्या? महागाच्या गोळ्या! पुन्हा कुणाला तसेच काही झाले तर उपयोगी पडतील, अशा काटकसरी विचाराने मीच त्या जपल्या होत्या. आणि त्या उपयोगी पडतही होत्या. घरातल्या कुणाला कणकण आली की मी चष्मा लावून डब्यापाशी बसत असे.

मागच्या वर्षी मला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. हुडहुडी भरून ताप यायचा. नेहमीच्या गोळ्यांनी तो उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी नमुना तपासायला पाठवला. दोन-तीन दिवसांनी अहवाल आला. त्यात औषधांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी अक्षर. बहुतेक नावांपुढे ‘आर’ होता. म्हणजे माझ्या अंगात शिरलेला जंतू त्या त्या औषधाला दाद देत नव्हता. शेवटी आठवडाभर रुग्णालयात राहून शिरेतून इंजेक्शने घ्यावी लागली. आधी कोणकोणत्या गोळ्या घेतल्या होत्या, असे डॉक्टरांनी सहज विचारले आणि मला डबा आठवला. नेमक्या कोणत्या गोळीने हे घडवले ते कुणालाच सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. मला बरे वाटावे म्हणूनच म्हणाले असावेत.

मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. अलेक्झांडर फ्लेमिंगची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगत असे. उघडी खिडकी, उडत आलेली बुरशी, बशीतले मेलेले जंतू आणि मग पेनिसिलीन! मुलांना ती फार आवडायची. घंटा व्हायच्या आत संपायची, म्हणून मलाही आवडायची. रुग्णालयातून घरी आल्यावर सक्तीची विश्रांती होती. त्या दिवसांत मी फ्लेमिंगचे चरित्र पुन्हा नीट वाचले आणि लक्षात आले की मुलांना मी गोष्टीचा शेवट कधी सांगितलाच नाही. तो आज सांगते.

पण त्याआधी माझ्या आजीच्या धाकट्या भावाविषयी चार ओळी. साल १९३६. गवत कापताना त्याच्या तळहाताला विळा लागला. जखम बोटभरही नव्हती. हळद दाबली, चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी हात सुजला, मनगटापासून वर लाल रेघ चढत गेली, काखेत अवधाण आले आणि तापाने तो बरळू लागला. बैलगाडीत घालून त्याला तालुक्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला, पोटॅशच्या पाण्याने धुतली. त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हते. एकोणीस वर्षांचा तो मुलगा आठव्या दिवशी गेला. आजी विळ्याला कधीही हात लावत नसे. अशा घटना तेव्हा घरोघर घडत. बाळंतीण तापाने जायची, धडधाकट माणूस न्युमोनियाने आठवड्यात आटोपायचा, घसा धरल्याचे निमित्त होऊन मुलाचे हृदय कायमचे अधू व्हायचे. आणि ज्या औषधाने आजीचा भाऊ कदाचित वाचला असता, ते लंडनमध्ये सापडून तेव्हा आठ वर्षे झाली होती! ती आठ वर्षे कुठे गेली, हे कळायला गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

अलेक्झांडर फ्लेमिंगचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधल्या एअरशर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग शेतकरी. त्यांच्या दुसऱ्या लग्नाच्या चार मुलांतला हा तिसरा. अलेक सात वर्षांचा असताना वडील वारले. आईने पहिल्या घरची आणि स्वतःची मुले एकाच पदराखाली वाढवली. शाळा लांब, वाट माळरानाची. झऱ्यातले मासे हाताने धरायचे, पक्ष्यांची घरटी हुडकायची, यात मुलांचा दिवस जाई. पक्षी कुठून उडाला, गवत कुठे हलले, हे टिपायची सवय त्या माळावर लागली, असे फ्लेमिंगला पुढे वाटत असे.

इथे एक लोकप्रिय गोष्ट खोडून काढते. एका गरीब स्कॉटिश शेतकऱ्याने दलदलीत रुतलेल्या मुलाला वाचवले. मुलाच्या श्रीमंत बापाने उपकार फेडण्यासाठी शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर केले. तो फ्लेमिंग, आणि वाचलेला मुलगा विन्स्टन चर्चिल. पुढे चर्चिलला न्युमोनिया झाला तेव्हा पेनिसिलीननेच त्याचा जीव वाचला! ही गोष्ट मी स्वतः शाळेच्या प्रार्थनेनंतर मुलांना सांगितली आहे. ती निव्वळ दंतकथा आहे. फ्लेमिंगनेही ती तशीच मानली होती. १९४३ च्या डिसेंबरात चर्चिलला न्युमोनिया झाला हे खरे, पण तो बरा झाला सल्फा जातीच्या निराळ्याच औषधाने.

खरी हकीकत साधी आहे. तेरा-चौदा वर्षांचा असताना अलेक लंडनला थोरल्या सावत्र भावाकडे आला. भाऊ डॉक्टर होता. पॉलिटेक्निकमध्ये थोडे शिकून हा जहाज कंपनीत कारकून झाला आणि चार वर्षे त्याने खर्डेघाशी केली. मग एका काकांच्या मृत्युपत्रातून थोडे पैसे आले. भावाने सुचवले, डॉक्टर हो. लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून त्याने पॅडिंग्टनचे सेंट मेरीज निवडले, त्याचे एक कारण असे की त्या कॉलेजाच्या संघाविरुद्ध तो पूर्वी वॉटर पोलो खेळला होता. १९०१ साली तो तिथे दाखल झाला, आणि पुढची सारी हयात त्याने तिथेच काढली.

अभ्यासात तो चमकला, पण त्याला जंतुशास्त्राकडे नेले ते बंदुकीने. फ्लेमिंग उत्तम नेमबाज. १९०६ साली तो डॉक्टर झाला, तेव्हा कॉलेजाच्या रायफल क्लबाच्या कप्तानाला असा भिडू सोडवेना. त्याने फ्लेमिंगला सर अल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत चिकटवून दिले. तात्पुरती म्हणून धरलेली ती जागा जन्माची झाली.

राइट हे बडे प्रस्थ. विषमज्वराच्या लशीच्या कामामुळे त्यांचे नाव झाले होते. १८९८ मध्ये हिंदुस्थानातल्या प्लेगची चौकशी करायला नेमलेल्या आयोगावरही ते होते. मध्यरात्रीच्या चहावर त्यांची व्याख्याने रंगत आणि शिष्य ऐकत बसत. या बोलक्या दरबारात फ्लेमिंग हा सर्वांत अबोल. बुटका, निळ्या डोळ्यांचा, तुटलेल्या नाकाचा, ओठात सिगारेट. बोलायचा नाही, पण काचेच्या नळ्या वितळवून हवे ते उपकरण करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. जंतूंशी तो खेळायचादेखील. वेगवेगळ्या रंगांचे जंतू घेऊन त्यांची बशीत चित्रे काढायचा. एक-दोन दिवसांनी बशीत घर, नर्तकी, झेंडा उमटायचा! वरिष्ठांना हा पोरखेळ वाटे. पण कोणता जंतू कसा वाढतो, कोणता कुणाला मागे सारतो, हे त्या खेळातून त्याच्या बोटांना ठाऊक झाले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. राइटच्या तुकडीबरोबर फ्लेमिंग फ्रान्समध्ये बुलोन्य इथे गेला. एका कॅसिनोत रुग्णालय उघडले होते. खतावलेल्या शेतांच्या चिखलात लोळलेले सैनिक तिथे येत. बॉम्बचा तुकडा मांसात शिरताना गणवेशाची चिंधी आणि चिखलही आत नेई. जखम चिघळे, गँगरीन होई. डॉक्टर जखमेत भडक जंतुनाशके ओतत. फ्लेमिंगने काचेची एक खोटी जखम बनवली. नळी तापवून तिला वेडेवाकडे खाचखळगे काढले, त्यात जंतू वाढवले, मग जंतुनाशक ओतून पाहिले. खळग्यांतल्या जंतूंना काहीच होत नव्हते. उलट आपल्या रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजत असतात, त्या मात्र या द्रावणांनी आधी मरत होत्या! म्हणजे औषध शत्रूला सोडून आपलेच सैनिक मारत होते. फ्लेमिंगने हे सिद्ध करून दाखवले, पण फारसे कुणी ऐकले नाही. डोळ्यांदेखत गेलेली ती तरुण मुले तो विसरला नाही. जंतूला मारील पण माणसाला धक्का लावणार नाही असे काही असेल का, हा प्रश्न घेऊन तो लंडनला परतला. मधल्या काळात, १९१५ मध्ये, सारा नावाच्या आयरिश परिचारिकेशी त्याचे लग्न झाले होते. पुढे १९२४ साली त्यांना रॉबर्ट हा मुलगा झाला.

त्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडले ते त्याच्याच नाकात! १९२१ च्या सुमारास सर्दी झालेली असताना त्याने नाकातला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकला. काही दिवसांनी पाहतो तो त्याच्या आसपासचे जंतू विरघळून गेलेले. मग अश्रू तपासले, थुंकी तपासली, अंड्याचा पांढरा बलक तपासला. सगळीकडे तो पदार्थ होता. प्रयोगशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळून अश्रू गोळा करण्याचा उद्योग कितीतरी दिवस चालला होता. या पदार्थाला लायसोझाइम असे नाव मिळाले. आपले डोळे दिवसभर धूळ खाऊनही सहसा पिकत नाहीत, त्यात याचा वाटा आहे. पण हा पदार्थ मारतो ते बहुधा निरुपद्रवी जंतू. घातक जंतू त्याला जुमानत नव्हते. आणि फ्लेमिंग बोलायला इतका कच्चा की त्याने शोधनिबंध वाचला तेव्हा श्रोत्यांतून एक प्रश्नही आला नाही.

मग आला १९२८ चा सप्टेंबर. फ्लेमिंग सुट्टीवरून परतला होता. त्याच्या टेबलावर जंतूंच्या बशा नेहमीसारख्या पसरलेल्या. सुट्टीवर जाण्यापूर्वी त्याने त्यांत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू पेरले होते. गळवे, फोड आणि चिघळलेल्या जखमांत सापडतात ते हे. पुष्कळशा बशा धुण्यासाठी जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये टाकून झाल्या होत्या. एवढ्यात जुना सहकारी प्राइस भेटायला आला. त्याला काम दाखवायला म्हणून फ्लेमिंगने ढिगातली एक बशी उचलली आणि थबकला. बशीच्या कडेला बुरशीचा एक पुंजका वाढला होता. बशीवर सगळीकडे जंतूंचे पिवळे ठिपके होते, पण बुरशीच्या भोवती ते विरून पारदर्शक झाले होते.

बुरशी आपल्याला काही नवी नाही. पावसाळ्यात लोणच्याला बुरा येतो, पावावर हिरवट डाग पडतो. आपण नाक मुरडून टाकून देतो. जंतूंच्या बशीत बुरशी शिरणे ही तर प्रयोगशाळेतली रोजची कटकट. शेकडो जणांनी अशा बशा धुऊन टाकल्या असतील. फ्लेमिंगने ती धुतली नाही, इतकेच. उघड्या खिडकीची गोष्टही बहुधा खरी नाही. खालच्या मजल्यावर एक शास्त्रज्ञ बुरशांवर काम करत होता, तिथूनच तिचे बीज वर आले असावे. शिवाय त्या उन्हाळ्यात लंडनची हवा आधी थंड, मग उबदार झाली. त्यामुळे आधी बुरशीला आणि मग जंतूंना वाढायला सवड मिळाली. इतके योग जुळून आले. पण दैव बशीपर्यंत आले तरी बशीकडे पाहणारा माणूस लागतोच.

ही बुरशी पेनिसिलियम कुळातली होती. तिच्या रसाला फ्लेमिंग आधी बुरशीचा रस एवढेच म्हणे. १९२९ च्या मार्चमध्ये त्याने त्याला पेनिसिलीन हे नाव दिले. रस कितीतरी पट पातळ केला तरी जंतू मारत होता. आणि महत्त्वाचे म्हणजे पांढऱ्या पेशींना धक्का लावत नव्हता, ससा-उंदरांना टोचला तरी ते मजेत होते. असे का, याचा उलगडा पुष्कळ नंतर झाला. जंतूच्या पेशीभोवती एक भक्कम तट असतो. पेनिसिलीन तो तट बांधू देत नाही, मग जंतू फुटून मरतो. आपल्या पेशींना असा तट नसतोच, म्हणून आपल्याला इजा नाही. सर्दी-फ्लूच्या विषाणूंनाही तो नसतो. म्हणून सर्दीवर पेनिसिलीन घेणे म्हणजे नसलेल्या भिंतीवर पहार चालवणे.

मग फ्लेमिंग थांबला का? त्याचे दोन तरुण मदतनीस एका बोळात टेबले मांडून तो रस शुद्ध करू पाहत होते. पण रस हाती लागे-लागेपर्यंत त्याचा गुण नाहीसा होई. सेंट मेरीजमध्ये पक्का रसायनशास्त्रज्ञ नव्हता. राइटचा तर औषधांवर विश्वासच नव्हता, त्यांचा सारा भर लशींवर. फ्लेमिंगने १९२९ मध्ये शोधनिबंध लिहिला, तोही कुणी फारसा वाचला नाही. एक साधा प्रयोग त्याने केला नाही, तो म्हणजे आजारी उंदराला पेनिसिलीन टोचून पाहण्याचा. त्याच्या चरित्रातली ही सर्वांत मोठी चुकामूक. त्याने एक मात्र केले. ती बुरशी मरू दिली नाही, आणि जो कुणी मागेल त्याला देत राहिला. आजीचा भाऊ गेला तेव्हा ती सेंट मेरीजमध्ये जिवंत होती.

तो प्रयोग झाला ऑक्सफर्डमध्ये, २५ मे १९४० रोजी. हॉवर्ड फ्लोरी हा ऑस्ट्रेलियन, अर्न्स्ट चेन हा हिटलरच्या जर्मनीतून आलेला ज्यू आणि नॉर्मन हीटली हा इंग्रज, अशा तिघांनी जुन्या शोधनिबंधातून पेनिसिलीन उकरून काढले होते. आठ उंदरांना घातक जंतू टोचले, त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिले. रात्रभर हीटली पिंजऱ्यापाशी बसला. पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते, बाकीचे चार जिवंत होते. बाहेर युद्ध चालले होते. जर्मन आले तर बुरशी तरी वाचावी, म्हणून त्यांनी तिची बीजे आपल्या कोटांच्या अस्तरांना चोळून ठेवली! हे वृत्त छापून येताच फ्लेमिंग ऑक्सफर्डला पाहायला गेला. तो येतोय हे ऐकून चेन चकित झाला. त्याला वाटत होते की हा माणूस केव्हाच वारला असेल.

१९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला पहिल्यांदा उपचार म्हणून पेनिसिलीन दिले. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर गळवे पसरली होती, एक डोळा गेला होता. औषधाने तो उठून बसला, जेवू लागला. पण साठा संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलीन गाळून ते पुन्हा त्यालाच टोचले. तेही पुरले नाही. आजार उलटला आणि महिन्याभरात तो गेला. औषध चांगले असून भागत नाही, ते पुरेसे मिळावे लागते, हा धडा त्या शिपायाच्या मरणाने दिला. मग फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. पिओरियाच्या प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या काढ्यात बुरशी जोमाने वाढू लागली. बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर जास्त गुणी बुरशी सापडली. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या, तेव्हा जखमींसाठी पेनिसिलीनचा मोठा साठा तयार होता.

फ्लेमिंगच्या वाट्याला कीर्ती आली ती १९४२ च्या ऑगस्टमध्ये. त्याच्या ओळखीचा एक माणूस मेंदूज्वराने मरणाच्या दारात होता. फ्लेमिंगने फ्लोरीला फोन केला, फ्लोरीने होते तेवढे पेनिसिलीन पाठवून दिले. फ्लेमिंगने धाडस करून ते पाठीच्या कण्यात टोचले आणि रोगी उठला. वर्तमानपत्रांना नायक मिळाला. फ्लोरी पत्रकारांना दारात उभे करत नसे, सेंट मेरीजचे दार मात्र उघडे होते. त्यामुळे ऑक्सफर्डकरांचे श्रेय झाकले गेले आणि फ्लोरी मनातून दुखावला. १९४४ मध्ये फ्लेमिंग आणि फ्लोरी दोघांनाही सर हा किताब मिळाला, १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून मिळाले. हीटली राहूनच गेला. ऑक्सफर्डने त्याला १९९० मध्ये मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा तो सत्तरीच्या शेवटाला पोचला होता.

वर्गात माझी गोष्ट नोबेलपाशी संपायची. वास्तविक उरलेली गोष्ट तिथेच सुरू होते.

११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये फ्लेमिंगने नोबेलचे व्याख्यान दिले. जगभर जयजयकार चालू असताना, व्याख्यानाच्या अखेरीस या अबोल माणसाने एक काल्पनिक प्रसंग सांगितला. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलीन विकत आणतो आणि थोडेसेच घेतो. त्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग त्याच्या बायकोला त्याच जंतूंनी न्युमोनिया होतो. तिला पेनिसिलीन देतात, पण जंतू आता शहाणे झालेले असतात. ती दगावते. तिच्या मरणाला जबाबदार कोण? फ्लेमिंगच्या मते तो नवरा. दुकानातून कुणालाही पेनिसिलीन मिळू लागेल तेव्हा असे होईल, ही भीती त्याने तेव्हाच बोलून दाखवली होती. हे वाचताना मला आमचा बिस्किटांचा डबा आठवला. ऐंशी वर्षांपूर्वी या माणसाने तो पाहिला होता!

जंतू शिकतात, ही अर्थात बोलण्याची रीत. कोट्यवधी जंतूंत एखादा जन्मतःच वेगळा निघतो. औषध अपुरे पडले किंवा विनाकारण घेतले, की साधे जंतू मरतात आणि त्या वेगळ्याला रान मोकळे मिळते. वर तो आपली विद्या शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतो. आणि घशासाठी घेतलेली गोळी घशापुरती राहत नाही. आतड्यांत सुखाने नांदणाऱ्या जंतूंनाही तिची ओळख होते. लघवीच्या संसर्गाचे जंतू बहुतेक वेळा त्या आतड्यांतलेच असतात, हे मला माझ्या अहवालानंतर समजले.

फ्लेमिंगचा इशारा खरा ठरायला वेळ लागला नाही. पेनिसिलीनचे तुकडे करणारा पदार्थ काही जंतूंजवळ असतो, हे ऑक्सफर्डकरांना १९४० सालीच दिसले होते. १९४८ च्या सुमारास लंडनच्या एका रुग्णालयात तपासलेल्या स्टॅफिलोकोकसपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलीनला दाद देईनासे झाले होते. म्हणजे ज्या जंतूवर पेनिसिलीन सापडले, तोच पहिल्यांदा उलटला. गंमत अशी की नोबेलच्या व्याख्यानातल्या गृहस्थाच्या घशात फ्लेमिंगने जो स्ट्रेप्टोकोकस कल्पिला होता, तो मात्र आजही पेनिसिलीनपुढे मान तुकवतो. त्या जंतूंसाठी मेथिसिलीन हे नवे औषध काढले, तर १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंची वार्ता आली. तेव्हापासून ही शर्यत चालू आहे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात जगभरचा अंदाज छापून आला. त्यानुसार औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे एकट्या २०१९ साली सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मेली.

आपल्याकडे पेनिसिलीन घरचे झाले ते पिंपरीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आजीच्या गावच्या दवाखान्यापर्यंत ती रबरी बुचाची बाटली पोचली, त्या पिढीला तो चमत्कारच वाटला. माझ्या वडिलांना न्युमोनिया झाला तेव्हा त्या इंजेक्शनांनीच ते वाचले. आजीने त्या रिकाम्या बाटल्या धुऊन देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवल्या होत्या. आम्ही हसायचो. आज वाटते, त्या औषधाची किंमत आमच्यापेक्षा तिला अधिक कळली होती.

१९४९ मध्ये सारा गेली. फ्लेमिंग अधिकच गप्प झाला, प्रयोगशाळेचे दार लावून बसू लागला. १९५३ मध्ये त्याने आपल्या प्रयोगशाळेत काम केलेल्या अमालिया या ग्रीक डॉक्टर स्त्रीशी लग्न केले. ते सुख दोनच वर्षांचे ठरले. ११ मार्च १९५५ रोजी लंडनच्या घरी हृदयविकाराने तो वारला. शेतकऱ्याच्या या मुलाच्या अस्थी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये विसावल्या आहेत. माद्रिदच्या बैलझुंजीच्या आखाड्याबाहेरही त्याचा पुतळा आहे. शिंगांच्या जखमा चिघळून पूर्वी झुंजणारे मरत. त्यांनी कृतज्ञतेने तो उभारला, आणि पुतळ्यापुढे टोपी काढून अभिवादन करणारा बैलयोद्धाही त्यांनी तिथेच उभा केला.

या दिवाळीआधी मी डबा रिकामा केला. पट्ट्या नीट पाहिल्या, तर अँटिबायोटिकच्या पट्ट्यांवर एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, असा तिचा अर्थ. इतकी वर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर होती. हल्ली कितीतरी आजारांत डॉक्टर पूर्वीपेक्षा थोड्या दिवसांचे औषध देतात. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगले असे नाही. पण किती दिवस, हे ठरवायचे त्यांनी. बरे वाटले म्हणून मी थांबवायचे नाही, उरले म्हणून नातवाला द्यायचे नाही, आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहून द्या म्हणून डॉक्टरांपाशी हट्ट धरायचा नाही.

नातू सातवीत आहे. त्याच्या पुस्तकातल्या फ्लेमिंगविषयी तो परवा विचारत होता. खिडकी, बुरशी, बशी सगळे सांगितले. मग त्या नवरा-बायकोचीही गोष्ट सांगितली. त्याने विचारले, त्या माणसाला कुणी सांगितले नव्हते का? मी म्हटले, सांगितले होते रे, फ्लेमिंगनेच सांगितले होते. मग माझ्या मामाआजोबांची गोष्ट सांगितली, विळ्याची. ती त्याने पहिल्यांदाच ऐकली. तळहातावरच्या बोटभर जखमेने माणूस मरू शकतो, यावर त्याचा विश्वास बसेना. त्याचा तो अविश्वास असाच टिकावा, एवढेच माझे मागणे आहे.